चोरीला गेलेल्या टाळ्या

"मी जन्मलो तेव्हा रडलो नाही," असं बदरुद्दीन खालू भेटेल त्याला सांगत. "आधी खोलीत कोण कोण आहे ते नीट पाहून घेतलं. सुईणीच्या हातात कात्री होती. पहिला संशय तिथंच आला."

ऐकणारा नवखा असला तर थक्क होई. जुना असला तर चहा संपवून उठे. यूसुफला मात्र उठता येत नसे, कारण खालूंची बायको फखरुन्निसा ही त्याची सख्खी मावशी, म्हणजे खाला, होती आणि तिच्याच खानावळीत तो दोन वेळ जेवत होता. खालाकडे जेवायचं असेल तर खालूंचा मदतनीस व्हायचं, हा त्या घरातला कायदा होता. कुवेतला पाऊल ठेवल्यापासून यूसुफ तो निमूटपणे पाळत आला होता.

खालू दिवसभर कुवेतच्या मुरगाब भागातल्या एका दुकानात सुटाचं कापड फाडून देत. पण ते म्हणे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. खरा धंदा गुप्तहेरीचा. त्यांनी छापून घेतलेल्या कार्डावर एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला अरबीत लिहिलं होतं: 'बदरुद्दीन, खाजगी गुप्तहेर. पत्ता: गुप्त.' त्यामुळे आजवर एकही गिऱ्हाईक त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. गेल्या वर्षी मशिदीबाहेरून हरवलेली स्वतःची चप्पल शोधायला त्यांनी पाच माणसांवर पाळत ठेवली होती. ती चप्पल त्यांच्या पायातच होती, हे शेवटी बांग देणाऱ्या मुअज्जिनानं दाखवून दिलं. खालूंच्या मते तो तपास शंभर टक्के यशस्वी झाला, कारण चप्पल सापडली.

अशा माणसाच्या हातात यूसुफचा संसार जावा, ही नशिबाची थट्टा म्हणायची.

झालं ते असं. यूसुफ समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात, तिथल्या नाइट क्लबचा हेड वेटर होता. त्रेसष्टच्या ऑगस्टात अमेरिकेतला एक रिदम अँड ब्लूजचा ताफा बेरूतहून मुंबईला जाताना वाटेत एका रात्रीपुरता तिथं उतरला. पुढे एक जाडजूड गवई आणि मागे ट्रंपेट, सॅक्सोफोन, गिटार, ढोल वाजवणारी मंडळी. त्यांच्याबरोबर पेन्रोज नावाचा एक इंग्रज होता. नाइट क्लबातल्या भरल्या मैफलीची लाँगप्ले तबकडी त्याला काढायची होती. मैफल होती, पण भरलेली नव्हती. ऑगस्टात कुवेतमध्ये ज्याला परवडतं तो डोंगरात पळतो. मागे उरतात ते पळता न येणारे.

"यूसुफ," लेबनानी मॅनेजर अन्तून म्हणाला, "मला हॉलभर माणसं पाहिजेत. नीट कपडे घातलेली आणि टाळ्या वाजवणारी. कुठूनही आण."

यूसुफनं कोकणातून आणली. म्हणजे कोकणातलीच, पण जहऱ्यातून, मुरगाबातून, फिंतासातून. ड्रायव्हर, दुकानदार, कारकून, सगळी रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतल्या खाडीकाठची माणसं. प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "जेवणाचा काय?" क्लबकडून सँडविच आहे म्हटल्यावर सगळ्यांची तब्येत बिघडली. तेव्हा यूसुफनं अन्तूनला पटवून खालाची बिर्याणी मागवली, आणि सगळ्यांची तब्येत सुधारली.

मैफल झाली. यूसुफ त्या वेळी भटारखाना आणि हॉल यांच्यामध्ये थाळ घेऊन नुसता धावत होता. त्यानं गाणं ऐकलं ते तुकड्यातुकड्यांनी. इकडून दार ढकललं की जाडा गवई रडतोय, तिकडून आलं की तोच गवई नाचतोय. हे एकच गाणं की वेगवेगळी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ताफ्यानं मध्ये कुठं थांबा घेतला नाही, एका गाण्याच्या शेपटीला दुसरं बांधत नेलं. शेवटचा सूर संपला तेव्हा अख्खा हॉल एकदम उभा राहिला. डोळ्यांवर झगझगीत दिवे असलेल्या गवयाला तेवढंच दिसलं. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि तो पडद्याआड गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्तूननं यूसुफला बोलावलं. पेन्रोज टेपच्या यंत्रासमोर सुतकी चेहऱ्यानं बसला होता. त्यानं समजावून सांगितलं, की टेपच्या पट्टीवर शेजारी शेजारी दोन वाटा असतात. एका वाटेवर त्यानं गाणं घेतलं होतं, दुसरीवर लोकांच्या टाळ्या. काल मागच्या खोलीत बसून तो फक्त गाण्याची वाट ऐकत होता. टाळ्यांची वाट त्यानं आज सकाळी लावली.

"ऐक," तो म्हणाला.

यूसुफनं ऐकलं. टाळी एकही नव्हती. भिंतीपलीकडून आल्यासारखं गाणं, आणि जवळून विचित्र आवाज. आधी लांबलचक 'सूंऽऽऽ'. मग 'ठक्'. मग 'सूंऽऽ, ठक् ठक्'.

"यांना माझ्या हॉटेलची नाचक्की करायची होती," अन्तून गरजला. "माणसं तू आणलीस. उद्या संध्याकाळी पेन्रोज साहेबांचं विमान आहे. तोवर टाळ्यांचं काय झालं ते कळलं नाही आणि टाळ्या मिळाल्या नाहीत, तर तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द. पहिल्या बोटीनं मुंबई."

यूसुफच्या पायाखालची वाळू सरकली. पुढच्या महिन्यात त्याची बायको जमिला यायची होती. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यात नवराबायको एका छपराखाली राहिली होती एक रजा. खेपा घालून घालून तिचा व्हिसा आता कुठं हाती लागला होता. इकामा गेला की तो व्हिसा म्हणजे पुडी बांधायचा कागद. मग जमिला तिकडे दाभोळला आणि आपणही तिकडेच, पण रिकाम्या हातांनी आणि सासऱ्याच्या तोंडासमोर.

आणि नेमके तेव्हाच खालू आले. हॉटेलात केस झाली हे त्यांना कसं कळलं, ते खुदा जाणे. गळ्यात दुकानाची मापपट्टी, हातात घड्याळजीकडून आणलेलं भिंग.

"कोणी कशाला हात लावायचा नाय," त्यांनी दारातूनच हुकूम सोडला. "टाळ्या चोरीला गेल्यात."

"टाळ्या चोरतात?" पेन्रोजनं विचारलं.

"साहेब, साधा चोर पैसे चोरतो. मोठा चोर ती वस्तू चोरतो, जी चोरता येते हेच कोणाला ठाव नाय."

पेन्रोजला हे वाक्य आवडलं. इंग्रज माणूस, फसला. टेप पुन्हा लावली गेली. खालूंनी डोळे मिटले. सूंऽऽऽ, ठक्. सूंऽऽ, ठक् ठक्. त्यांचे डोळे खाडकन उघडले.

"तारयंत्र!" ते कुजबुजले. "यूसफ्या, ही सांकेतिक भाषा हाय. लांब आवाज, तुटक आवाज. हॉलमदी परदेशी हेर बसला होता आनि गान्याच्या आडून खबर धाडत होता."

त्यांनी कान देऊन ती खबर उलगडायला घेतली. तारयंत्राची भाषा त्यांना येत नव्हती, पण अडलं नाही. दुपारपर्यंत मजकूर निघाला तो असा: 'उंट तयार. खजूर पाठवा.' अन्तूननं कपाळाला हात लावला. कुवेतमध्ये उंट आणि खजूर यांची खबर गुपचूप धाडायची म्हणजे कोकणात नारळाची गोष्ट कानात कुजबुजण्यासारखं, हे यूसुफलासुद्धा कळत होतं. पण त्याच्यापुढे दुसरा कोण होता?

"खालू, मी एक करू? लोकांना सरळ विचारून येऊ, टाळ्या वाजवल्या का म्हनून?"

खालूंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी खाला आळणी सार आणणाऱ्या सुनेकडे पाहील.

"सरळ सवाल पोलीस विचारतात. गुप्तहेर वाकडा सवाल विचारतो."

मग वाकड्या सवालांची फेरी निघाली. जहऱ्याचा नझीर ड्रायव्हर लॉरीखाली आडवा पडून तेल बदलत होता. खालूंनी त्याच्या पायांची उलटतपासणी घेतली.

"काल मैफलीत तुझ्या डाव्या बाजूला कोन होता?"

"तुमीच होतात, खालू."

"उजव्या बाजूला?"

"भिंत."

"भिंत!" खालूंनी यूसुफकडे अर्थपूर्ण पाहिलं. "आनि गाना कसा वाटला?"

"वा! ऐसा गाना नाय ऐकला. मी तर मान हलवून हलवून बेजार. मानेला शेक दिला सकाळी."

"कोनाशी दुश्मनी?"

"कोनाशी नाय. घाईत हाय, जरा तो पाना द्या."

मुरगाबातला जाफर दर्जी म्हणाला, गाणं संपल्या संपल्या आपण धावत बाहेर गेलो. का, असं यूसुफ विचारणार, तेवढ्यात खालूंनी त्याचं तोंड दाबलं आणि रस्त्यात नेऊन सांगितलं, की बिर्याणी खाल्लेला माणूस विनाकारण धावत नाही. जाफर कटात सामील आहे. आणखी तिघा-चौघांनीही धावत बाहेर गेल्याचं कबूल केल्यावर कटाचा आकार एवढा वाढला, की कट कुणाविरुद्ध आहे तेच कळेना. कारण बाहेर कुणी उरलंच नव्हतं.

"सगळे गुन्हेगार हायेत," खालू समाधानानं म्हणाले. "त्यामुळे आपला काम सोपा झाला."

यूसुफला रडू येत होतं. तो खालूंना पुन्हा हॉटेलवर घेऊन आला, निदान उन्हात फिरणं तरी थांबेल म्हणून. पण तिथं खालूंना मागच्या अंगणातला नळ दिसला. नळाखालच्या फरशीवर वाळलेले तांदूळ विखुरले होते आणि पिळलेल्या लिंबांचा हा मोठा ढीग. खालू दोन पावलं मागे सरकले. आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत पुटपुटून त्यांनी स्वतःवर, मग यूसुफवर आणि उरलेली भिंगावर फुंकली.

"तांदूळ. लिंबू. पानी." त्यांचा आवाज घोगरा झाला. "यूसफ्या, करनी हाय. कोनीतरी ऐंशी मानसांचे हात बांधलेत."

"खालू, लिंबं तर मीच ठेवली. आनि आता तुमी म्हनत होतात परदेशी हेर."

"हेरानंच केलीय करनी. परदेशी लोक हल्ली सगळा शिकलेत."

ही बातमी अन्तूनच्या कानावर गेली तेव्हा त्यानं ओरडायचंही सोडून दिलं. त्यानं शांतपणे बोटीच्या कचेरीला फोन करायला सांगितलं. तो शांतपणा यूसुफला ओरडण्याहून भयंकर वाटला.

संध्याकाळी खानावळीत यूसुफ ताटासमोर बसला, पण घास उतरेना. फखरुन्निसा खाला चुलीपुढून उठून आली. बाई अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून. तिच्या खानावळीत पाहुणा आला तर आधी शिवी खाई, मग भात.

"काय झाला रे तुना? ताट बघून रडतोस? इतका वाईट तर मी कदी रांदला नाय."

यूसुफनं सगळं सांगितलं. हेर, उंट, खजूर, कट, करणी, बोट, जमिला. खालू बाजूला बसून मधूनमधून दुरुस्त्या सुचवत होते. खालानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"हात कुटं धुतलात तुमी लोकांनी?"

"कंचे हात?" खालू म्हणाले.

"जेवल्यावरचे. हॉलमदी मोरी हाय?"

"हॉलमदी कशी असंल? मागं नळ हाय अंगनात," यूसुफ म्हणाला. "मीच लिंबं ठेवली होती, तूप जायला."

"आनि गाना चालू होता तवा लोक काय करत होती?"

"जेवत होती."

"मग टाळ्या काय पायानं वाजवनार?"

यूसुफला सगळा हॉल डोळ्यांपुढे दिसला. एकेका थाळाभोवती बसलेली माणसं, मनगटापर्यंत तुपानं माखलेले उजवे हात, मानांचं डोलणं, आणि आपला खरकटा हात दुसऱ्या स्वच्छ हाताला न लागू देण्याची ती लहानपणापासूनची काळजी. खरकट्या हातानं टाळी वाजवली तर शेजाऱ्याच्या कोटावर शितं. आपल्याकडे कुणी असं करील?

"पन खाला, जेवान लवकर आटपला असता. शेवटपर्यंत कसे बसले?"

"थाळावरून म्हातारा उठल्याबिगर बाकीचे उठतात काय? म्हातारा बसलेला असताना जवान पोरं उठली, तर त्यांच्या आईबापाचा नाव निघतो. आनि मोठ्या थाळावरचा म्हातारा नाय उठला, तर बाकीचे थाळ तरी कसे उठनार?" खालानं कमरेवर हात ठेवले. "मोठ्या थाळावर सगळ्यात मोठा कोन होता?"

सगळ्यांनी खालूंकडे पाहिलं.

"मी बोकडाची नळी चोखत होतो," खालू पडेल आवाजात म्हणाले.

"किती येळ?"

"नळी चांगली होती. गाना संपला तवा संपली."

खालानं ताटातली एक नळी उचलून त्यांच्या हातात दिली. "खाऊन दाखवा."

खालूंनी सवयीनं ती तोंडाला लावली. सूंऽऽऽ. मगज निघेना म्हणून ताटाच्या काठावर आपटली. ठक्. पुन्हा सूंऽऽ. ठक् ठक्. टाळ्यांचा माइक मोठ्या थाळाशेजारीच होता, हे यूसुफला आठवलं. उंट तयार, खजूर पाठवा.

"काखेत कळसा आनि गावाला वळसा," खाला म्हणाली. "कळसापन नाय, नळी. दिवसभर भिंग घेऊन फिरलात, तो भिंग एकदा सोताच्या तोंडाकडं धरला असतात तर?"

"मना आधीच संशय होता," खालू म्हणाले. "पन सोतावर संशय घेतला असता तर तपास कोनी केला असता?"

खाला चुलीकडे वळली. काही वाक्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांचा मान ठेवणं, हे तिला संसारानं शिकवलं होतं.

टाळ्यांचं काय झालं ते कळलं. आता टाळ्या मिळवायच्या होत्या. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर यूसुफनं सगळ्यांना पुन्हा क्लबात जमवलं. हात धुऊन, पुसून, दोन्ही बाजूंनी तपासून आत सोडलं. ताफा केव्हाच मुंबईला गेला होता. मंच रिकामा होता. पेन्रोजनं यंत्र चालू केलं आणि बोट वर केलं.

टाळ्या वाजल्या. पण त्या टाळ्या होत्या की कुणी डास मारत होतं, हे सांगणं कठीण होतं. रिकाम्या मंचाकडे पाहून ऐंशी भली माणसं लाजून हात हलवत होती. नझीर तर आपल्या टाळीचा आवाज झाला म्हणून दचकला. पेन्रोजनं मान हलवली. मग खालू मंचावर चढले आणि रिदम अँड ब्लूज या कलेची दर्दभरी बाजू लोकांना समजावून देऊ लागले. ते ऐकून उरलेली डास मारणीही थांबली. अन्तून घड्याळाकडे पाहत होता. विमानाची वेळ होत आली होती. यूसुफनं मनातल्या मनात जमिलाला पत्र लिहायला घेतलं आणि 'प्रिय' याच्यापुढे त्याला काही सुचेना.

"सरा बाजूला," मागून आवाज आला.

खाला होती. तिच्यामागे चार माणसं घाम गाळत बिर्याणीची देग आणत होती. ती देग तिनं मंचाच्या मधोमध, जिथं परवा जाडा गवई रडला होता, तिथं ठेवायला लावली. खालूंना खाली उतरवलं. मग हॉलकडे वळून म्हणाली, "जेवान हाय. पन आदी टाळ्या. हात खरकटे व्हायच्या आदी काय ती कदर करा. साहेब, तुमचा यंत्र चालू करा."

आणि तिनं देगेचं झाकण उघडलं.

वाफ वर गेली. केवडा, केशर, तळलेले कांदे-बटाटे आणि बोकडाचा वास हॉलभर पसरला. मग जे झालं त्यानं छताचं झुंबर हललं. माणसं उभी राहिली, हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटू लागली, कुणी शिट्टी मारली, कुणी 'सुभानल्ला' म्हणून डोळे पुसले. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात किती दिवसांचं काय काय साचलेलं असतं! ते सगळं बाहेर आलं. पेन्रोजच्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन तिथंच थरथरत राहिला. त्या कल्लोळात बदरुद्दीन खालूंचं भान सुटलं आणि देगेकडे दोन्ही हात पसरून ते काळजाच्या देठापासून ओरडले:

"फखरूऽऽ! बटाटे मनाऽऽ!"

पेन्रोज विमानात बसला. अन्तूननं बोटीच्या कचेरीला पुन्हा फोन केला आणि चुकून लागला होता म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात जमिला आली. धक्क्यावर तिला पाहून यूसुफ इतका गोंधळला, की त्यानं आधी तिच्या ट्रंकेला सलाम केला.

तबकडी आली ती थंडीत. पेन्रोजनं यूसुफच्या नावानं धाडली होती. शेजाऱ्याकडून ग्रामोफोन मागून आणून खानावळीत सगळे जमले. पाकिटाच्या मागे इंग्रजीत छापलं होतं. शाळेत थोडं शिकलेल्या जमिलानं अडखळत वाचून अर्थ सांगितला. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं, की असे श्रोते लंडनमध्ये नाहीत आणि न्यूयॉर्कमध्येही नाहीत. विरहाचं शेवटचं गाणं संपल्यावर वाळवंटातला एक वृद्ध उठतो आणि हरवलेल्या प्रियेला तिच्या नावानं हाक मारतो. तिच्या नावापुढचे शब्द बहुधा एखाद्या प्राचीन विलापातले असावेत. त्यांचा अर्थ कुणाला कळत नाही, पण ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं.

यूसुफनं सुई ठेवली. जाडा गवई रडत रडत संपला. टाळ्यांचा पूर आला, आणि त्यातून स्वच्छ, घोगरी, आर्त हाक: फखरूऽऽ! बटाटे मनाऽऽ!

जमिलानं पदर तोंडात कोंबला. खालू भिंगानं तबकडीच्या रेघा तपासू लागले, जसं काही तो आवाज तिसऱ्याच कुणाचा होता. खाला मात्र हसली नाही. या माणसानं लग्नापासून तिला 'अगो', 'ऐकतेस काय' आणि 'जेवान वाढ' याखेरीज कशानं हाक मारली नव्हती. चार लोकांत तर नाहीच. आणि आता लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, कुठल्या कुठल्या घरांत तिचं नाव वाजत होतं.

"परत लाव," ती म्हणाली.

यूसुफनं परत लावली. तिसऱ्यांदाही लावली. चौथ्यांदा तिनं हात वर करून थांबवलं, उठली, देगेत खोलवर झारा घालून हुडकून हुडकून सगळे बटाटे काढले आणि खालूंच्या ताटात ओतले.

"घ्या," ती म्हणाली. "सगळ्या दुनियेसमोर मागितलेत, आता गिळा. आनि नळी मी देनार नाय."